पाच वेळा की पन्नास वेळा? ब्रॉन्स्टन खटल्यातली तिसरी तळटीप

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी १९७३ रोजी दिलेला एक निकाल तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना खोट्या साक्षीचा धडा म्हणून शिकवतात. मी तो अर्थविज्ञानाच्या वर्गात वाचायला देते. ‘पाच’ या शब्दाचा अर्थ काय, या वरकरणी बालिश वाटणाऱ्या प्रश्नावर एखाद्या माणसाचं दोषी किंवा निर्दोष ठरणं अवलंबून असू शकतं, हे त्या निकालाच्या तिसऱ्या तळटिपेत दिसतं. खटला संख्येबद्दल नव्हता. संख्या त्यात एका उदाहरणाच्या निमित्ताने आली, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची नाडी तिथेच सापडते.

आधी हकिकत. सॅम्युअल ब्रॉन्स्टन हे चित्रपट निर्माते. भव्य ऐतिहासिक चित्रपट काढायचे, तेही बरेचसे स्पेनमध्ये. सॅम्युअल ब्रॉन्स्टन प्रॉडक्शन्स ही कंपनी पूर्णपणे त्यांच्या मालकीची. परदेशी चित्रीकरणामुळे कंपनीची बँकखातीही देशोदेशी विखुरलेली. १९६४ मध्ये पाच देशांत मिळून ३७ खाती होती. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली घेणेकऱ्यांशी तडजोड करण्यासाठी अर्ज केला. मालमत्ता कुठे कुठे आहे याचा शोध सुरू झाला आणि १० जून १९६६ रोजी ब्रॉन्स्टन यांची शपथेवर तपासणी झाली. एका घेणेकऱ्याचा वकील प्रश्न विचारत होता. ते सवाल-जवाब मराठीत असे:

“मिस्टर ब्रॉन्स्टन, स्विस बँकांमध्ये तुमची काही खाती आहेत का?”
“नाही, सर.”
“कधी होती?”
“कंपनीचं एक खातं होतं तिथे, साधारण सहा महिने, झुरिकमध्ये.”

वकिलाने हे ऐकलं आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

प्रत्यक्षात ऑक्टोबर १९५९ ते जून १९६४, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, ब्रॉन्स्टन यांचं जिनिव्हाच्या इंटरनॅशनल क्रेडिट बँकेत वैयक्तिक खातं होतं. त्यातून झालेली उलाढाल १,८०,००० डॉलरहून जास्त होती. तपासणीच्या दिवशी ते खातं बंद झालेलं होतं, म्हणून पहिलं ‘नाही’ खरं. कंपनीचं झुरिकमध्ये खातं होतं, म्हणून दुसरं उत्तरही खरं. तोंडातून निघालेल्या एकाही वाक्यात खोट नाही. तरी ऐकणारा खोटं घेऊन गेला, कारण ‘तुमचं कधी होतं का’ यावर ‘कंपनीचं होतं’ असं उत्तर आलं की आपण मनात ‘म्हणजे यांचं स्वतःचं नव्हतं’ ही भर घालतो. ती भर ब्रॉन्स्टन यांनी उच्चारली नाही. ती वकिलाने केली, आणि ती केली जाईल हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक असणारच.

(मूळ इंग्रजीत ‘तुमची’ हा शब्द एकट्या माणसाला आणि संस्थेला, दोघांनाही लागू पडतो. मराठीत तर आदरार्थी एकवचन आणि अनेकवचन एकच असल्यामुळे हा घोळ आणखी सहज होईल. न्यायालयाने मात्र पहिला प्रश्न वैयक्तिक खात्याबद्दलच होता असं धरून चाललं, आणि मला ते योग्य वाटतं.)

खोट्या साक्षीचा खटला न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात उभा राहिला. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की उत्तर शब्दशः खोटं नसलं, तरी ज्या संदर्भात दिलं त्या संदर्भात ते खोटं विधान ठरत असेल, तर दोषी धरता येईल. हे समजावताना त्यांनी एक दाखला दिला. एखादा माणूस एका दिवशी दुकानात किती वेळा गेला हे ठरवणं महत्त्वाचं आहे. तो शपथेवर सांगतो, ‘पाच वेळा’. त्याला स्वतःला माहीत आहे की तो पन्नास वेळा गेला होता. पाच वेळा गेला हे तांत्रिकदृष्ट्या खरं असलं, तरी त्याला खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवता येईल, असं न्यायाधीश म्हणाले. ज्यूरीने विचारविनिमयाच्या मध्येच सूचना पुन्हा ऐकून घेतल्या आणि ब्रॉन्स्टन यांना या आरोपावर दोषी ठरवलं. अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरवला. निकाल सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिला. उत्तरातून ‘वैयक्तिक खातं कधीच नव्हतं’ हे सूचित होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. साध्या गप्पांमध्ये असा अर्थ कुणीही काढेल, हेही मान्य केलं. पण कायदा खोटं सांगण्याला शिक्षा करतो, खोटं सुचवण्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार बगल देत असेल तर ते ओळखून त्याला पुन्हा मुद्द्यावर आणणं वकिलाचं काम.

वाच्यार्थ एकीकडे, सूचितार्थ दुसरीकडे. शिक्षा फक्त पहिल्यासाठी. नियम स्वच्छ आहे. आपल्याकडे शाळेच्या व्याकरणात अभिधा आणि व्यंजना वेगळ्या शिकवतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही रेघ ओळखीची वाटेल. पण नियम लावायचा तर आधी ठरवायला हवं की एखाद्या शब्दाचं काय वाच्यार्थात मोडतं आणि काय सूचितार्थात. ‘कंपनीचं खातं होतं’ याबाबत वाद नाही. ‘पाच वेळा’ याबाबत आहे.

आता काळाचा योग बघा. ही तपासणी १९६६ची. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली आणि सूचितार्थाचा हिशेब मांडला. बोलणारा गरजेपुरती पूर्ण माहिती देतोय असं ऐकणारा गृहीत धरतो. ‘काही मुलं पास झाली’ असं मास्तर म्हणाले, तर सगळी झाली नसणार असं आपण समजतो. सगळी झाली असती तर त्यांनी तसं म्हटलं असतं. ‘सगळी नाही’ हा भाग ‘काही’ या शब्दात नाही, तो आपल्या तर्कातून येतो. तो मागेही घेता येतो: ‘काही मुलं पास झाली, नव्हे, सगळीच झाली.’ यात विसंगती नाही.

१९७२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी आपल्या प्रबंधात हे तत्त्व शब्दांच्या शिडीवर बसवलं. काही, बरेच, सगळे ही एक शिडी. खालच्या पायरीवरचा शब्द वापरला की वरच्या पायऱ्या सूचनेने नाकारल्या जातात. आणि एक, दोन, तीन, चार याहून सरळ शिडी ती कोणती? त्या मांडणीत ‘पाच’चा वाच्यार्थ ‘निदान पाच’ इतकाच. ‘त्याहून जास्त नाहीत’ ही सूचना.

हे आणि बर्गर यांचा नियम शेजारी ठेवा. पन्नास वेळा दुकानात गेलेला माणूस निदान पाच वेळा गेलेलाच असतो. म्हणजे ‘पाच वेळा गेलो’ याचा वाच्यार्थ खरा, खोटी फक्त सूचना, आणि सूचनेला शिक्षा नाही. ब्रॉन्स्टन सुटतात त्याच दारातून हाही सुटतो! जिल्हा न्यायाधीशांचा दाखला मुळात या समान धाग्यावरच उभा होता: दोन्ही उत्तरं तांत्रिकदृष्ट्या खरी आणि दोन्ही फसवी, म्हणून एकाला दोष दिला तर दुसऱ्यालाही द्यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाला ब्रॉन्स्टन यांना सोडायचं होतं, पण दुकानवाल्या साक्षीदाराला सोडायचं नव्हतं. त्यासाठी दोघांत फरक दाखवणं भाग होतं, आणि तो दाखवला तिसऱ्या तळटिपेत.

तिथे तीन गोष्टी आहेत. एक, ‘पाच वेळा’ हे विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर आहे. आपल्याला बाजूला नेलं जातंय अशी शंका यावी असं त्यात काही नाही. दोन, नेमकी संख्या विचारल्यावर जो धडधडीत कमी आकडा सांगतो, त्याचं उत्तर ‘तांत्रिकदृष्ट्या खरं’ तरी म्हणता येईल का, याचीच न्यायालयाला दाट शंका आहे. तीन, उत्तर खरं की खोटं हे ते ज्या प्रश्नाचं आहे त्याला जोडून ठरवायचं, सुटं काढून नाही.

दुसऱ्या मुद्द्यात न्यायालयाने अर्थविज्ञानातली एक भूमिका घेतली. संख्यावाचक शब्द ‘काही’सारखा वागत नाही, त्याची वरची मर्यादा निव्वळ सूचना नाही, असं ते म्हणतंय. त्यासाठी कुठलाही सिद्धान्त हाताशी नव्हता. न्यायाधीशांनी आपल्या भाषेच्या कानावर विसंबून हे लिहिलं. तो कान बरोबर होता असं मला वाटतं, आणि मराठीच्या कानालाही ते पटतं का हे तपासून बघण्यासारखं आहे.

सगळ्यात साधी चाचणी हो-नाहीची. शाळेच्या संमेलनाला सगळेच पालक आलेत. कुणी विचारलं, ‘काही पालक आले का?’ तर आपण म्हणतो, ‘हो, सगळे आले.’ ‘नाही, सगळे आले’ असं म्हटलं तर समोरचा चक्रावेल. आता चार मुलं असलेल्या बाईंना विचारा, ‘तुम्हाला तीन मुलं ना?’ उत्तर येतं, ‘नाही, चार.’ ‘हो, चार’ असं कुणी म्हणत नाही. ‘तीन’चा वाच्यार्थ ‘निदान तीन’ असता, तर ‘हो’ हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. हा फरक पुढे खुद्द हॉर्न यांनीच दाखवून दिला आणि १९९२ मध्ये संख्यावाचकांपुरती आपली जुनी मांडणी सोडली. आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेतून इतका मोठा तुकडा स्वतः कापून काढणाऱ्या अभ्यासकाबद्दल मला फार आदर आहे.

लहान मुलांकडूनही साक्ष मिळाली. अ‍ॅना पापाफ्रागू आणि ज्युलियन मुसोलिनो यांनी २००३ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बाहुल्यांच्या खेळात सगळे घोडे कुंपणावरून उडी मारून जातात आणि एक बाहुली म्हणते, ‘काही घोड्यांनी उडी मारली.’ बहुतेक मुलांना हे उत्तर चाललं. मोठ्यांना चालत नाही. पण तीन घोडे उडी मारून गेले असताना बाहुली ‘दोन घोड्यांनी’ म्हणाली, तर मुलांनी बहुतेक वेळा तिला चूक ठरवलं. सूचितार्थाचा हिशेब अजून न जमणाऱ्या वयातही ‘दोन’ म्हणजे दोन. वरची मर्यादा तर्काने येत असती तर ती ‘काही’इतकीच उशिरा यायला हवी होती.

मराठीत आणखी एक जागा आहे, तिथे मात्र जपून पावलं टाकावी लागतात. आपल्याकडे संख्येला चिकटणारी बारकी शेपटं भरपूर. ‘पाचदा तरी गेलो’, ‘पाचदाच गेलो’, ‘पाचेक वेळा गेलो’, ‘पाचही वेळा गेलो’. पहिल्यात खालची मर्यादा, दुसऱ्यात वरची, तिसऱ्यात अंदाज, आणि चौथ्यात एकूण वेळा पाचच होत्या हे आधीच ठरलेलं. वर्गात कुणीतरी हटकून म्हणतं, ज्याअर्थी ‘तरी’ लावावं लागतं, त्याअर्थी नुसतं ‘पाच’ म्हणजे नेमके पाच. त्याला लगेच उत्तर मिळतं, मग ‘च’ का लावावं लागतं? हा पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच वापरता येतो, म्हणून मी तो बाजूला ठेवते. दुकानवाला साक्षीदार ‘पाचदा तरी’ म्हणाला असता तर सुटला असता आणि ‘पाचदाच’ म्हणाला असता तर अडकला असता, एवढं नक्की. वाद फक्त नुसत्या ‘पाच’चा.

मग ‘पाच म्हणजे नेमके पाच’ असं कोशात लिहून मोकळं व्हावं का? नाही. मांडव घालायचा आहे, मुकादम म्हणतो, ‘चार माणसं लागतील.’ सहा गेली तर तो तक्रार करत नाही; इथे चार म्हणजे निदान चार. रिक्षावाला म्हणतो, ‘तीन माणसं चालतील.’ दोघं बसली तर तो अडवत नाही. इथे तीन म्हणजे जास्तीत जास्त तीन. आणि ‘काल चार माणसं आली’ म्हटलं की नेमकी चार. शब्द तेच, क्रियापद बदललं की मर्यादेचं तोंड फिरतं. ‘लागतील’ गरज सांगतं, आणि गरजेला तळ असतो. ‘चालतील’ मुभा सांगतं, आणि मुभेला छत असतं. ‘काही’ किंवा ‘बरेच’ यांना असं दोन्हीकडे वळता येत नाही. ‘काही माणसं चालतील’ यातून ‘जास्तीत जास्त काही’ असा अर्थ निघत नाही. ‘पाच’ला नेमका पाच हा गाभा आहे आणि भोवतालच्या गरजेच्या किंवा मुभेच्या शब्दाशी त्याची जशी गाठ पडते तसा ‘निदान’ किंवा ‘जास्तीत जास्त’ हा अर्थ तयार होतो, ही क्रिस्टोफर केनेडी यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांची भूमिका मला म्हणूनच पटते.

कायदे लिहिणाऱ्यांना हे तोंड फिरणं चांगलं माहीत असतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये मृत्युपत्रावर ‘दोन किंवा अधिक’ साक्षीदार हवेत असं म्हटलंय. नुसतं ‘दोन’ लिहिलं असतं तरी ‘हवेत’मुळे ‘निदान दोन’ असाच अर्थ घेतला गेला असता, पण तिसऱ्या सहीवरून भांडण नको म्हणून ‘किंवा अधिक’.

क्रियापदासारखंच प्रश्नाचंही. समजा दुकानाची योजना आहे: महिन्यात पाच वेळा आलात तर भेटवस्तू. काउंटरवरची मुलगी विचारते, ‘पाच वेळा आलात का?’ पन्नास वेळा आलेला गिऱ्हाईक ‘हो’ म्हणाला, तर तो खोटं बोलला असं कुणी म्हणणार नाही. तोच माणूस, तेच दुकान, त्याच पन्नास फेऱ्या. पण साक्षीच्या पिंजऱ्यात ‘किती वेळा गेलात?’ असं विचारल्यावर ‘पाच वेळा’ हे उत्तर खोटं आहे. ‘किती’ने संख्येची जागा रिकामी ठेवली आणि ती भरायला सांगितलं, त्या जागी जे बसेल ते पूर्ण माप म्हणूनच बसतं. तिसऱ्या तळटिपेतलं ‘प्रश्नाला जोडून ठरवायचं’ हे वाक्य म्हणजे अर्थविज्ञानाचा एक अख्खा धडा आहे. निकालाच्या मुख्य मजकुरापेक्षा मला ते वाक्य मोलाचं वाटतं.

पण तेच वाक्य मुख्य निकालाला अडचणीचं आहे, आणि ते लपवून चालणार नाही. उत्तर प्रश्नाला जोडूनच वाचायचं असेल, तर ‘कधी होती?’ याला जोडून ‘कंपनीचं होतं’ हे ‘माझं नव्हतं’ असं का वाचू नये? न्यायालयाचं उत्तर असं, की ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. विचारलं माणसाबद्दल, सांगितलं कंपनीबद्दल. कर्ता बदलला तिथेच वकिलाच्या कानात घंटा वाजायला हवी होती. ‘पाच वेळा’मध्ये अशी घंटा नसते. ऐकणाऱ्याला सावध होण्याची संधी होती की नव्हती, या कसोटीवर दोन उत्तरं खरोखर वेगळी पडतात. तुरुंगात पाठवण्याचा प्रश्न असताना ही कसोटी न्याय्य आहे, असं माझं मत आहे.

सूचितार्थाला ‘सांगितलेलं’ म्हणायचं नाही, ही शिस्त आपल्या परंपरेतही जुनी आहे. पतंजलींच्या महाभाष्यात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, संख्येचंच उदाहरण येतं: ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’, पाच नखांचे पाच प्राणी खाण्याजोगे. असं म्हटलं की इतर खाण्याजोगे नाहीत हे कळतं, असं पतंजली म्हणतात, आणि त्यासाठी शब्द वापरतात ‘गम्यते’. म्हटलं एक, उमगलं दुसरं. नियम सांगणाऱ्याच्या तोंडी निषेध आलेला नाही; तो ऐकणाऱ्याने ओळखला. ब्रॉन्स्टन निकालाचा मधला भाग या एका क्रियापदात मावतो.

आपल्याला याहून ओळखीचं उदाहरण अर्थात ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराजाचं वाक्यही शब्दशः खरं होतं, कारण अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. महाभारताने तरी त्याला माफ केलं नाही. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पण ती नीतीची शिक्षा होती, फौजदारी कायद्याची नव्हे. शिवाय द्रोणाचार्यांना उलटतपासणी घ्यायची मुभाच नव्हती, कारण ‘कुंजर’ हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचू दिला गेला नाही. वकिलाच्या कानावर ‘कंपनीचं’ हा शब्द स्पष्ट पडला होता.

तरीही वकिलाला सगळा दोष द्यायला माझं मन धजत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा एक संख्याच आहे. ब्रॉन्स्टन नुसतं ‘कंपनीचं होतं’ म्हणाले नाहीत. ‘साधारण सहा महिने, झुरिकमध्ये’ अशी भर त्यांनी घातली. ‘सहा महिने’ हा गोल आकडा, त्यावर ‘साधारण’. आठवून, मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाची ही भाषा. जो मुदत सांगतो, शहर सांगतो, त्याने आणखी काही मागे ठेवलं असेल असं वाटत नाही. ग्राइस म्हणतात तो ‘पूर्ण माहिती’चा विश्वास त्या आकड्याने घट्ट केला. कर्ता बदलल्याची घंटा वाजली असेलही, पण तपशिलाच्या आवाजात ती बुडाली. सहा महिन्यांमागे जवळजवळ पाच वर्षं दडलेली होती, आणि ‘सहा महिने’ हे कंपनीच्या खात्यापुरतं खरंच होतं.

तिथे वकिलाने फक्त ‘आणि तुमचं स्वतःचं?’ एवढं विचारलं असतं, तर उत्तर ‘होतं’ किंवा ‘नव्हतं’ यातलं एक द्यावंच लागलं असतं. नोंदीत त्याचा पुढचा प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाच्या नावावर स्विस बँकांत खाती आहेत का?

“नाही, सर.”
“कधी होती?”
“नाही, सर.”